एकशे बारा नंबरचा बूथ

आधीच सांगून टाकतो, मी शक्की माणूस आहे. रस्त्यात कुणी हसून नमस्कार केला तर माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, याचं काय अडलंय? आणि कुणी नमस्कार केलाच नाही तर त्याहून वाईट प्रश्न येतो. बायको म्हणते, "तुमच्या डोक्यात किडा हाय." असेल बाप्पा. पण तो किडा घरचा नाही, नोकरीतला आहे. कोण आपला आणि कोण परका हे ओळखायचाच ज्याला पगार मिळत होता, त्यानं संध्याकाळी घरी येऊन भोळं कसं व्हायचं?

नोकरी होती एका पुढाऱ्याकडे. गोंदिया जिल्ह्यातले आमदार. सहा निवडणुका लढले, तीन जिंकले, तीन हरले. सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, म्हणून इथंही मी भाऊच लिहितो. मी आधी एका राइस मिलमध्ये कारकून होतो. भाऊंनी पहिली निवडणूक लढवली तेव्हा "तुझं अक्षर बरं आहे" म्हणून मला कागद लिहायला बसवलं. त्या खुर्चीवरून मी उठलो तो रिटायर होऊनच. कार्यालय गोंदियात, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर. बाहेरच्या खोलीत बाकडी आणि माणसं, आतल्या खोलीत भाऊ, आणि मधल्या दारापाशी टेबल टाकून मी. लोक मला बाबूजी म्हणत. आणि खरं सांगायचं तर भाऊंपेक्षा मला जास्त घाबरत. का घाबरत, ते सांगतो.

माझं खरं काम निकाल लागल्यावर सुरू व्हायचं. बाहेर गुलाल उडत असायचा, नाहीतर सुतक असायचं, आणि मी कागद गोळा करत फिरायचो. तुम्ही पेपरात वाचता, अमुक इतक्या मतांनी विजयी. ते ढोबळ झालं. मतदान होतं बूथवर. शाळेची एक खोली म्हणजे एक बूथ, आणि प्रत्येकाला नंबर. मोजणीच्या दिवशी प्रत्येक बूथचं यंत्र वेगळं टेबलावर येतं. टेबल आणि आपण यांच्यामध्ये तारेची जाळी. सरकारी कर्मचारी बटण दाबतो, पडद्यावर एकेका उमेदवाराचा आकडा उमटतो, आणि जाळीच्या अलीकडे बसलेला आमचा माणूस तो उतरवून घेतो. बूथ नंबर अमुक, भाऊंना इतकी, समोरच्याला इतकी. ते सगळे कागद माझ्याकडे यायचे आणि मी ते रजिस्टरमध्ये चढवायचो. डावीकडे मागच्या निवडणुकीचा आकडा, उजवीकडे आताचा. बस, एवढ्यानं गाव उघडं पडतं.

भाऊंच्या पहिल्या दोन निवडणुका कागदी मतपत्रिकांच्या. पहिलीत डिपॉझिट गेलं, दुसरीत थोडक्यात हरले. तेव्हा चार बूथच्या मतपत्रिका एकमेकांत मिसळून मग मोजायला घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. कोणत्या गावानं हात दिला आणि कोणी पाय ओढला, काही पत्ता लागत नसे. यंत्र आलं आणि आमचे डोळे उघडले. मत गुप्त असतं म्हणतात ना? माणसाचं असतं हो. गावाचं नसतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी भाऊ मला आत बोलवायचे. जिंकलेले असोत की हरलेले, प्रश्न एकच. गोंदियात राहिलेला माणूस, रागात आला की हिंदीत जायचा. "बता, कौन पलटा?" मग मी रजिस्टर उघडायचो आणि गावांची नावं घ्यायचो. त्या नावांवर पुढची पाच वर्षं ठरायची. रस्ता कुणाला, सभामंडप कुणाला, आणि कुणाचं पत्र माझ्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये.

यंत्राच्या पहिल्याच निवडणुकीत भाऊ जिंकले, पण एका गावात त्यांना मोजून एक मत पडलं. एकच! समोरच्या उमेदवाराची सासुरवाडी होती ती. आता गंमत बघा. महिनाभरात त्या गावचे अकरा जण माझ्या टेबलापाशी येऊन कानाशी लागले, "बाबूजी, ते एक मत माह्यावालं." एक ठेकेदार तर डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "गावानं वाळीत टाकलं जी मले, पण मी भाऊलेच देलो." मी सगळ्यांची नावं लिहून घेतली. अकरा माणसं आणि एक मत, म्हणजे दहा जण तोंडावर खोटं बोलले हे नक्की. अकरावाही खरा होता की नाही, याची मला आजही खात्री नाही. ज्यानं खरंच दिलं तो बहुतेक आलाच नसेल.

या धंद्यात मला शहाणपण शिकवलं ते सायत्राबाईनं. माहेर बोदलकशाकडचं, तलावात मासे धरणाऱ्यांचं, लग्न होऊन आमच्या भागात आलेली. गोंदियाच्या बाजारात मासे विकायची आणि मतदानाच्या आदल्या दिवशी कार्यालयात येऊन तिच्या गावाचा आकडा सांगून जायची. तो दोन-चार मतांच्या फरकानं खरा व्हायचा. एकदा मी विचारलं, बाई, तुला कळतं कसं? ती म्हणाली, "शिव्या देऊन राहिला का, तो आपला समजा. नळ नाई आला, भाऊ तोंड दाखवत नाई, असा बोंबलते तो भाऊलेच देते. गोड बोलून राहिला, चहा पाजून राहिला, तो गेला हातचा." मी हे वहीत लिहून ठेवलं, दहा ठिकाणी पडताळलं, आणि दर वेळी बाईच खरी निघाली. पुढं जे झालं ते हे सगळं माहीत असूनही झालं, म्हणून आधी सांगितलं.

आता सुखदेवची गोष्ट.

सुखदेवचं गाव नाल्यापलीकडे. अलीकडे आमची टोली, म्हणजे छोटी वस्ती, जिथं माझं घर आहे, आणि नाला ओलांडला की त्याचं गाव. बहुतेक घरं बौद्धांची, थोडी शेती, बाकी मजुरी आणि बिडीचं काम. सुखदेवकडे दोन एकर धान होता आणि त्याची बायको कमल बिड्या वळायची. पहिल्या निवडणुकीपासून हा माणूस भाऊंचा. मतदानाच्या दिवशी उमेदवाराचा एक माणूस बूथच्या आत बसतो, आलेल्या मतदाराला ओळखतो, बोगस असेल तर हरकत घेतो. त्याला पोलिंग एजंट म्हणतात. त्या गावात भाऊंचा एजंट कायम सुखदेव. पांढरा शर्ट घालून सकाळी सगळ्यांच्या आधी हजर, यंत्राला सील लागेपर्यंत जागचा हलत नसे. त्याच्या समाजातले पुष्कळ लोक दुसऱ्या पक्षाचे. ते त्याला चमचा म्हणायचे, विहारात टोमणे मारायचे. तो हसून सोडून द्यायचा. मला एकदा म्हणाला, "भाऊनं शब्द देला हाय, नाल्यावर पूल करतो म्हून. पूल झाला का सारेच गप बसतीन."

पूल म्हणजे काय मोठा नव्हता. तिथं रपटा आहे, सिमेंटचा बुटका रस्ता, ज्याच्यावरून पावसाळ्यात पाणी वाहतं. पाणी चढलं की गाव तुटतं. पोरी हायस्कूलला जाऊ शकत नाहीत, आजारी माणसाला खाटेवर टाकून खांद्यावर आणावं लागतं. भाऊंनी चौथी निवडणूक जिंकल्यावर पुलासाठी शिफारशीचं पत्र दिलं, फाइल सरकू लागली, आणि तेवढ्यात पाचवी निवडणूक आली.

त्या निवडणुकीआधी तहसील कार्यालयानं बूथची नवी यादी काढली. असं होत असतं. एखाद्या गावात मतदार वाढले की एका बूथचे दोन करतात, आणि पुढचे सगळे नंबर एकेक घर पुढे सरकतात. या वेळी आमच्या आधीचं एक मोठं गाव फुटलं. पुढं काही अंतरावर दोन लहान बूथ एकत्र केले, त्यामुळं तिथून नंबर पुन्हा जुन्यासारखे झाले. म्हणजे घोळ मधल्या पाच-सहा बूथचाच. आमची टोली आधी एकशे अकरा होती, ती झाली एकशे बारा. सुखदेवचं गाव आधी एकशे बारा, ते झालं एकशे तेरा. ही यादी मी स्वतः आणली, एजंटांना वाटली, माझ्या पाठीमागच्या भिंतीवर चिकटवलीही.

भाऊ जिंकले, पण कसे? नाकात दम आला तेव्हा. मागच्या वेळचं मताधिक्य जाऊन अगदी काठावर. गुलाल कुणाला सुचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला आत बोलावलं. चेहरा लाल. "बता, कौन पलटा?"

माझ्यासमोर जाळीतून उतरवलेले कागद होते. एक कागद बघून मी चरकलो होतो. एकशे बारावर भाऊ सपशेल मागे, मागच्या वेळच्या निम्मीही मतं नाहीत. आणि एकशे बारा म्हणजे कोण, हे मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. मला रजिस्टर बघावं लागत नाही, सगळे बूथ तोंडपाठ आहेत, याचा मला फार माज होता हो. भिंतीवर नवी यादी होती. मान फिरवायची होती फक्त.

"एकशे बारा," मी म्हटलं. "सुखदेव."

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "वो भी?" त्यांना वाईट वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. पण लगेच त्यांचं त्यांनाच पटलं. मलाही पटलं. त्या वेळी सुखदेवच्या समाजाचा एक उमेदवार उभा होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि आम्हाला वाटलं, चला, कारणही मिळालं. मतदानाच्या संध्याकाळी सुखदेवनं मला फोन केला होता, "बाबूजी, थोडं कमी हाय, पण लीड आपलीच हाय." तोही आता मला खोटेपणाचा पुरावा वाटला. शकाचं असंच असतं. एकदा माणसावर बसला की त्याचं चांगुलपणही त्याच्याविरुद्ध साक्ष देतं.

निकालानंतर चौथ्या दिवशी सुखदेव कार्यालयात आला. त्याच्या कानावर गेलं होतं. मी त्याला बाकड्यावर बसवलं आणि भाऊ बाहेरगावी गेलेत म्हणून सांगितलं. भाऊ आतच होते. त्यांचा खोकला बाहेर ऐकू येत होता. सुखदेव दुपारपर्यंत बसला. मग माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला, "बाबूजी, काऊन असं म्हणून राहिले लोकं? माह्या बूथवर आपली लीड हाय. मी आत होतो ना जी." त्यानं खिशात हात घालून घडी केलेला एक कागद काढला.

"कागद-बिगद राहू दे, सुखदेव," मी म्हटलं. "मला बूथ शिकवू नको. वीस वर्षं हेच करतोय."

"एकवार पाहा त."

"बघायचं ते बघितलंय आम्ही."

त्यानं कागद पुन्हा घडी करून खिशात ठेवला. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. मग यायचा थांबला. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

आठवड्यानं पुलाची फाइल आली. भाऊंनी आधीचं पत्र मागे घेऊन दुसऱ्या एका गावाच्या नावानं पत्र द्यायला सांगितलं. ते पत्र टाइप मीच केलं. गावाचं नाव बदलायला किती वेळ लागतो? एक ओळ.

पुढं सुखदेवच्या गावात काय झालं, ते मला कळत राहायचं, कारण नाल्याच्या अलीकडेच माझं घर. गाव त्याच्यावर उलटलं. ज्यांनी खरंच विरोधात मतं दिली होती, तेच म्हणू लागले, "तुह्यामुळं पूल गेला. एवढी वर्षं त्याची हुजरेगिरी केली अन् त्यानंच लाथ मारली ना?" विहाराच्या कमिटीतून त्याचं नाव काढलं. कारण असं की दोन्हीकडून खाणारा माणूस कमिटीत नको. म्हणजे इकडे आम्ही त्याला त्यांचा समजलो आणि तिकडे ते त्याला आमचा समजले. पावसाळ्यात रपट्यावर पाणी चढलं की बाया मोठ्यानं त्याचं नाव घेऊन बोलायच्या. मी ऐकायचो. मला तेव्हा वाईट वाटलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. माझा आकडा बरोबर आहे, याचंच समाधान होतं मला.

सहाव्या निवडणुकीची तयारी सुरू झाली तेव्हा भाऊंच्या मुलानं नागपूरहून एक कंपनी आणली. लॅपटॉप घेऊन चार जण आले. त्यांच्यातल्या एका मॅडमनं सरकारी निकालपत्रक आणि बूथची यादी जुळवून सगळं संगणकात चढवलं होतं आणि ती माझ्या रजिस्टरशी ताडून बघत होती. मला राग येत होता. कालची पोरगी माझी वही तपासते म्हणजे काय! दुपारी ती म्हणाली, "काका, मागच्या वेळचे हे पाच-सहा बूथ तुमच्याकडे एक घर सरकलेत. एकशे बारा हे नाल्यापलीकडचं गाव नाही. ही तर टोली आहे."

"कोणती टोली?"

तिनं नाव वाचलं. माझ्या घराची टोली.

मी म्हटलं, परत बघ. तिनं परत बघितलं. मग मी स्वतः बघितलं. सुखदेवच्या बूथवर, एकशे तेरावर, भाऊंना लीड होती. थोडी कमी, पण होती. त्यानं फोनवर सांगितली होती तशीच. आणि जिथं भाऊंना आपटवलं होतं, त्या बूथवर मी स्वतः मत दिलं होतं. माझा सख्खा भाऊ, माझे चुलते, माझी सून, माझी बायको, सगळे त्याच खोलीत. सुखदेवच्या खिशातला तो घडी केलेला कागद म्हणजे त्याचं एजंटचं नेमणूकपत्र असणार. त्याच्यावर बूथ नंबर एकशे तेरा लिहिलेला असणार. आणि खाली सही भाऊंच्या वतीनं केलेली, म्हणजे माझ्याच हस्ताक्षरातली.

घरी गेलो. बायको भाजी निवडत होती. मी सरळ विचारलं, "मागच्या वेळी तू कुणाला मत दिलं होतं?"

तिनं मान वर केली नाही. "आता कायले विचारता?"

"सांग."

"दुसऱ्यालेच देलो. साऱ्या टोलीनं देलं. गणपतीच्या आरतीनंतर ठरलं होतं."

"मला कुणी सांगितलं नाही?"

"तुमाले कोण सांगन?" ती म्हणाली. "तुमी लिहून घेता ना."

कारण विचारलं तर तिनं तेही सांगितलं, आणि ते मला माहीत होतं. धान खरेदीचं केंद्र आमच्या टोलीला मिळायचं होतं. भाऊंनी मला विचारलं होतं, कुठं देऊ? मी म्हटलं होतं, टोली आपलीच आहे, कुठं जाते? डळमळीत आहे त्या गावाला द्या. मग आमच्या टोलीची माणसं धानाचे कट्टे ट्रॅक्टरवर लादून दुसऱ्या गावी जाऊन तीन-तीन दिवस रांगेत बसली. त्या वर्षी टोलीत मला कुणी एक शिवी दिली नाही. उलट ज्याच्या दारावरून जावं तो चहाला बोलवायचा. सायत्राबाईचं वाक्य माझ्या वहीत होतं आणि चहा माझ्या हातात. आणि मी, शक्की म्हणून तालुकाभर ओळखला जाणारा माणूस, तो चहा पीत बसलो! ज्यांच्यावर शक करायचा ते घरचे होते, म्हणून केला नाही. ज्याच्यावर करू नये तो नाल्यापलीकडचा होता, म्हणून केला. दुसरं काही कारण नव्हतं. मी हे खूप वेळा मनात उलटसुलट करून पाहिलंय. दुसरं काही सापडत नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊंसमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते चिडतील, मला हाकलतील. ते शांत होते. म्हणाले, "किसी को बताया?"

"नाही."

"मत बताना. सुखदेव खरा निघाला तर मी खोटा निघतो. तोंडावर इलेक्शन आहे. नंतर बघू."

"भाऊ, त्याचं नाव खराब झालंय. गावात—"

"नंतर बघू म्हटलं ना." त्यांनी माझ्या हातून रजिस्टर घेतलं, कपाटात ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. इतक्या वर्षांत ते रजिस्टर पहिल्यांदा माझ्या हातातून गेलं. मी बाहेर येऊन टेबलावर बसलो. समोरच्या बाकड्यावर दहा-बारा माणसं होती आणि सगळी माझ्याकडे बघून हसत होती.

नंतर म्हणजे कधीच नाही, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक? खालचा ड्रॉवर माझाच होता.

त्या रविवारी मी नाला ओलांडून सुखदेवच्या घरी गेलो. पाऊस उघडला होता, पण रपट्यावरून पाणी जात होतं. तो ओसरीवर दोरी वळत होता. कमल आत बिड्या वळत होती. ती मला बघून उठून मागच्या दारानं निघून गेली. त्यानं बस म्हटलं नाही. मी उभ्यानंच सांगितलं, चूक माझी होती, बूथ तुझा नव्हता, आमचा होता.

"मले मालूम होतं," तो म्हणाला. "तोच कागद दाखवाले आणला होता."

"मी बघितला नाही."

"व्हय. नाई पाह्यला."

मी म्हटलं, मला माफ कर. तो दोरीला पीळ देत राहिला. मग म्हणाला, "मले घरात येऊन कायले सांगता जी? मी त काई केलं नाई, हे मले मालूमच हाय. ज्यायले मालूम नाई त्यायले सांगा. विहारात आज वाचन हाय. सारे जमलेत. चाला."

रजिस्टर कपाटात, कपाटाची किल्ली भाऊंच्या खिशात. हातात कागदाचा चिटोराही नव्हता. शिवाय भाऊंना कळलं तर नोकरी जाणार हे उघड. पण तो चालू लागला होता, आणि मी त्याच्या मागं गेलो.

पावसाळ्याचे तीन महिने विहारात ग्रंथवाचन चालतं. वाचन नुकतंच संपलं होतं, बाया-माणसं बसलेलीच होती. मला बघून कुजबुज सुरू झाली. मी उभा राहिलो आणि बोललो. मागच्या वेळी या गावानं भाऊंना लीड दिली होती. सुखदेवनं दगा दिला नव्हता. मी नंबर चुकीचा वाचला. पूल माझ्यामुळं गेला. एवढंच बोललो.

मग पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "निवडणूक कवा हाय गा?"

हशा पिकला. मागून कुणी ओरडलं, "भाऊनं पाठवलं काय तुमाले? मतं कमी पडून राहिली वाटते!" दुसरा म्हणाला, "सुखदेवची सेटिंग झाली रे पुन्हा!" मी म्हणत होतो, नाही हो, मी इथं आलोय हे भाऊंना माहीतही नाही, पण ते म्हणताना मलाच ते खोटं वाटत होतं. मी त्यांच्या जागी असतो तर हेच म्हणालो असतो. आयुष्यभर मी लोकांचं खरं खोटं धरलं, आणि आता माझं खरं कुणी धरत नव्हतं. अपमानानं डोळ्यांत पाणी आलं. आणि भीतीही वाटली, कारण माझ्यामुळं सुखदेवच्या अंगावर आणखी एक आळ येत होता.

तेव्हा सुखदेव उठला. आवाज न चढवता बोलला.

"मी या माणसाले पहिल्या इलेक्शनपासून ओळखतो. हा खोटं बोलाले आला असता त रजिस्टर घेऊन आला असता. कागद दाखवला असता, आकडे वाचले असते, अन् तुमी साऱ्यायनं मान डोलावली असती. आज रिकाम्या हातानं आला हाय. खरं बोलून राहिला."

म्हातारीनं माझ्याकडे नीट बघितलं, मग सुखदेवकडे बघितलं. कमिटीचा अध्यक्ष घसा साफ करून म्हणाला, "सुखदेव म्हणते त असन." हळूहळू एकेक माणूस मान हलवू लागला. त्यांनी विश्वास ठेवला तो माझ्यावर नाही. ज्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही असं मी लिहून दिलं होतं, त्याच्या शब्दावर ठेवला.

तो मला रपट्यापर्यंत सोडायला आला. पाणी गुडघ्याच्या वर होतं. मी चपला हातात घेतल्या आणि म्हटलं, "सुखदेव, आज तू माझ्यासाठी उभा राहिलास."

"तुमच्यासाठी नाई जी," तो म्हणाला. "खरं होतं म्हून बोललो. माफ नाई केलं मी तुमाले."

मी मान डोलावली आणि पाण्यात उतरलो.